थ्रेडला दिलेला इशारा लक्षात कोण ठेवतो?

एका थ्रेडने दुसऱ्याला ‘काम आले आहे, ऊठ’ असे कळवायचे, एवढीच गरज असते. हीच सोय विंडोज, लिनक्स आणि मॅकओएसवर सारखी चालेल अशा लायब्ररीत हवी म्हटली, की काही जुने गैरसमज वर येतात. त्यांतला सर्वांत चिवट गैरसमज असा, की सिग्नल दिला म्हणजे त्याची कुठेतरी नोंद होते आणि वाट पाहणारा उशिरा आला तरी त्याला तो मिळतो. विंडोजच्या इव्हेंटवर हात बसलेल्यांना असे वाटणे साहजिक आहे, कारण इव्हेंट एकदा सेट केला की तो तसाच राहतो. पॉझिक्सच्या १९९५च्या थ्रेड-प्रमाणकातल्या आणि सी++११मधल्या कंडिशन व्हेरिएबलला मात्र स्मरणच नाही. सिग्नल देताना कोणी थांबलेले नसेल, तर तो वाया जातो. लक्षात ठेवण्याचे काम प्रोग्रामरने स्वतःच्या व्हेरिएबलवर सोपवायचे असते. सिग्नल म्हणजे फक्त ‘एकदा बघून घे’ अशी सूचना.

याचा परिणाम जवळून पाहण्यासारखा आहे. काम उचलणारा थ्रेड कामांची रांग तपासतो. ती रिकामी आहे. तो झोपण्याआधीच दुसरा थ्रेड रांगेत काम टाकतो आणि सिग्नल देतो. ऐकायला कोणी नाही. मग पहिला थ्रेड झोपतो आणि रांगेत काम पडलेले असूनही झोपूनच राहतो. ही फट इतकी अरुंद असते, की चाचण्यांत ती सहसा सापडत नाही. कंडिशन व्हेरिएबलच्या ‘वेट’ला म्यूटेक्स द्यावा लागतो तो याचसाठी: म्यूटेक्स सोडणे आणि झोपणे ही दोन्ही कामे मध्ये कोणाला शिरू न देता एकदम होतात. ‘माझा फ्लॅग अ‍ॅटॉमिक आहे, मग कुलूप कशाला?’ हा प्रश्न नेहमी येतो. अ‍ॅटॉमिक असल्याने वाचन-लेखन सुरक्षित होते, पण तपासणे आणि झोपणे यांमधली फट तशीच राहते. म्हणून अ‍ॅटॉमिक फ्लॅगसुद्धा म्यूटेक्स हाती असतानाच बदलावा लागतो. सिग्नल मात्र म्यूटेक्स सोडल्यावर दिला तरी चालतो.

दुसरा गैरसमज जागे होण्याविषयीचा: थ्रेड जागा झाला, म्हणजे ज्याची वाट पाहत होता ते घडलेच. टोनी होअर यांनी १९७४मध्ये मांडलेल्या मॉनिटरमध्ये हे खरे होते; तिथे सिग्नल देताच ताबा थेट थांबलेल्याकडे जात असे. झेरॉक्सच्या मेसा भाषेत ही हमी काढून घेतली गेली, आणि लॅम्पसन व रेडेल यांनी १९८०च्या लेखात ते सविस्तर सांगितले. आजच्या जवळजवळ सगळ्या लायब्रऱ्या मेसाच्या वाटेने जातात. म्हणून अट ‘इफ’ने एकदा तपासून भागत नाही, ती ‘व्हाइल’मध्येच तपासावी लागते. यावर ‘आमच्या लिनक्सवर विनाकारण जाग आलेली कधी पाहिली नाही’ असा आक्षेप घेतला जातो. तो अनुभव खरा असू शकतो, पण प्रमाणक अशी जाग येण्याला स्पष्ट मुभा देते. शिवाय विनाकारण जाग आली नाही, तरी झोपलेला थ्रेड उठून म्यूटेक्स मिळवेपर्यंत तिसराच थ्रेड येऊन ते काम उचलू शकतो. मायक्रोसॉफ्टने व्हिस्टापासून दिलेल्या कंडिशन व्हेरिएबलच्या दस्तऐवजातही या दोन्ही शक्यता नोंदवलेल्या आहेत.

मग स्मरण असलेला इव्हेंटच सगळीकडे का देऊ नये? आक्षेप रास्त आहे, पण ते स्मरण एका बिटाएवढेच असते. ऑटो-रिसेट, म्हणजे एक थ्रेड सुटताच आपोआप मिटणारा, इव्हेंट कोणी थांबलेले नसताना दोनदा सेट केला, तर नंतर एकच थ्रेड सुटतो. दर वेळी जाग आल्यावर एकच काम उचलणारा कोड असेल, तर दुसरे काम रांगेत अडकते. इव्हेंट सेट करून लगेच मिटवणारे ‘पल्सइव्हेंट’ फंक्शन तर भरवशाचेच नाही: थांबलेल्या थ्रेडला कर्नल क्षणभर प्रतीक्षेबाहेर काढू शकतो आणि नेमका तेव्हा दिलेला पल्स हुकतो. ते वापरू नका, असे मायक्रोसॉफ्टच सांगते. सी++साठीच्या बूस्टच्या थ्रेड लायब्ररीने इव्हेंट मुद्दाम दिला नाही. त्याने चुका फार होतात, असे कारण तिच्या प्रश्नोत्तरांत दिले होते. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. इव्हेंट हवाच असेल, तर बूलियन, म्यूटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबल एकत्र करून तो कुठेही बांधता येतो, आणि स्मरण नक्की कुठे आहे हेही कोडमध्ये दिसते.

हे सगळे टाळून फ्लॅगला नुसते ‘व्होलाटाइल’ लावून तो तपासत राहिल्यानेही सी++मध्ये भागत नाही. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर एक्स८६वर व्होलाटाइलला जास्तीची हमी देतो, म्हणून तिथे चाललेला कोड एआरएमवर नेला की बिघडू शकतो.

वाट किती वेळ पाहायची, हा मुदतीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. पॉझिक्समध्ये ‘पाच सेकंद थांब’ असे न सांगता ‘अमुक वेळेपर्यंत थांब’ असे सांगावे लागते. अनेकांना हे विचित्र वाटते, पण व्हाइलच्या प्रत्येक फेरीत पाच सेकंद नव्याने सुरू झाले, तर मुदत कधी संपणारच नाही. ही वेळ मुळात भिंतीवरच्या घड्याळासारखी, म्हणजे कोणी मागेपुढे केली की बदलणारी असते. लिनक्सवर त्याऐवजी कोणाला मागेपुढे करता न येणारे मोनोटॉनिक घड्याळ निवडता येते. मॅकओएसवर मात्र नोड.जेएसखालची लिबयूव्ही उरलेला कालावधी घेणारे वेगळे फंक्शन वापरते. तिथे जाग आल्यावर अट अजून पुरी झालेली नसेल, तर उरलेली मुदत मोजून मगच पुन्हा झोपावे लागते.