रेडिएशन म्हणजे नक्की काय?

"सर, मोबाईलमधून रेडिएशन येतं ना हो?" पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. येतं की! पण खिडकीतून येणारं ऊनही रेडिएशनच आहे. पुस्तकात त्याला विद्युतचुंबकीय प्रारण म्हणतात.

विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या कंपनांमुळे लहरींच्या रूपात पसरणारी ऊर्जा म्हणजे हे प्रारण. त्याला माध्यम लागत नाही. निर्वातात ते सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते.

रेडिओ लहरी, सूक्ष्मलहरी, अवरक्त किरण, दृश्य प्रकाश, अतिनील किरण, क्ष-किरण, गॅमा किरण ही सारी एकाच घरातली भावंडं. या क्रमाने वारंवारता वाढते, तशी प्रत्येक फोटॉनची ऊर्जाही वाढते. क्ष-किरण अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकतात, म्हणून एक्स-रे काढताना तंत्रज्ञ आडोशाला जातो. मोबाईलच्या लहरींच्या फोटॉनमध्ये तेवढी ऊर्जा नसते.

वर्गात करून बघा. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बऱ्याच फोनच्या पडद्यावर लुकलुकताना दिसतो.

"रेडिएशन वाईट" असं मुलांच्या मनात भरवण्यापेक्षा "कोणतं आणि किती?" हे विचारायला शिकवूया.