नाताळची तयारी : चार आठवडे, चार कामे





डिसेंबर लागला की सुप्याच्या माळावर थंडी वाढते आणि आपल्या घरांत लगबग सुरू होते. भिंतींना रंग, मुलांना नवे कपडे, करंज्या-चकल्यांचा बेत, दारावर चांदणीचा कंदील. हे सगळे हवेच. पण शेवटच्या आठवड्यात धावपळ केली की हात थकतात, पैसा संपतो आणि नाताळच्या पहाटे उपासनेला बसल्यावर डोळे मिटू लागतात. म्हणूनच मंडळीने आपल्याला तयारीसाठी चार रविवार दिले आहेत. त्याला आपण आगमनकाळ म्हणतो. 30 नोव्हेंबरला सर्वांत जवळ असलेल्या रविवारी तो सुरू होतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपूर येथे 29 नोव्हेंबर 1970 रोजी झाली, तोही आगमनकाळाचा पहिलाच रविवार होता.

तयारी कशी करावी हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी विचारले होते. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात त्याचे उत्तर आहे. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी कोणाला लुबाडू नये आणि आपल्या पगारात समाधान मानावे, असे त्याने सांगितले. म्हणजे कपडा, पैसा आणि शेजारी यांपासूनच तयारी सुरू होते. त्याप्रमाणे आपणही चार आठवड्यांची चार कामे ठरवू या.

पहिला आठवडा हिशेबाचा. नाताळसाठी किती खर्च करायचा हे घरातल्या सर्वांनी मिळून कागदावर लिहावे. सणासाठी कर्ज काढू नये. किराणा दुकानाची उधारी, शेतावर किंवा घरी काम केलेल्यांची मजुरी आधी चुकती करावी. दुसऱ्याची मजुरी अडवून आणलेली नवी साडी देवाला कशी आवडेल?

दुसरा आठवडा समेटाचा. भावाशी बांधावरून बोलणे बंद असेल, जाऊबाईंशी अबोला असेल, तर प्रभूने अर्पण वेदीजवळ ठेवून आधी समेट करायला सांगितले आहे. पहिले पाऊल आपण टाकावे. जमत नसेल तर पाळकांना किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घ्यावे.

तिसरा आठवडा घराचा. जळमटे काढताना पेट्या आणि कपाटेही उघडावीत. वर्षभर न वापरलेली चादर, स्वेटर, घोंगडी बाजूला काढावी. धुऊन, उन्हात वाळवून, तुटलेली बटणे लावून मगच ती द्यावी. जे आपण स्वतः घालणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये.

चौथा आठवडा फराळाचा, कंदिलाचा आणि भेटींचा. इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. मदत वाटायला आपण बहुधा 25 डिसेंबरच्या आसपास वस्तीवर जातो, आणि नेमकी तेव्हा अनेक घरांना कुलपे असतात. पारनेर हा कमी पावसाचा तालुका. इथल्या भिल्ल, ठाकर अशा समाजांतली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नसते. साखर कारखाने ऐन भरात असतात तेव्हाच आपला नाताळ येतो. वस्तीवर उरतात म्हातारी माणसे आणि काही मुले.

म्हणून या वर्षी दोन ठिकाणी जाऊ या. एक, वस्तीवर राहिलेल्या आजी-आजोबांकडे आणि हंगामी वसतिगृहातल्या मुलांकडे. त्यांच्या हातात नुसती पिशवी देऊन परतू नये, त्यांच्याजवळ बसून जेवावे. दोन, फडाजवळच्या कोप्यांवर. मुकादमाशी आधी बोलून, मजुरांच्या सोयीची वेळ ठरवून जावे. पांघरूण, लहान मुलांचे गरम कपडे, कोयता लागल्यास जखमेवर बांधायचे साहित्य आणि घरी केलेला फराळ न्यावा. मदतीच्या बदल्यात कोणाकडून काहीही अपेक्षू नये. रांगेत उभे करून फोटो काढू नयेत. त्यांच्यातही आईबाप आहेत, मुलांसमोर त्यांचा मान राहिला पाहिजे.

बेथलेहेमची गोष्ट आठवा. सरकारी नावनिशीसाठी योसेफ आणि मरिया आपले गाव सोडून वाटेला लागले होते. मरियेचे दिवस भरले आणि उतारशाळेत जागा नव्हती. आपला तारणारा जन्मला तेव्हा त्याचे कुटुंब स्वतःच्या घरात नव्हते. उसाच्या पाचटाची कोपी आणि ती गव्हाण यांत फारसे अंतर नाही.

घर झाडून, दिवा लावून झाल्यावर नाताळच्या आदल्या रात्री कुटुंबाने एकत्र बसावे. या चार आठवड्यांत कोणते काम राहिले ते प्रत्येकाने सांगावे आणि प्रार्थना करावी. राहिलेले काम नव्या वर्षातही करता येईल, कारण ऊसतोडीचा हंगाम तेव्हाही चालूच असतो.

आपणा सर्वांना नाताळच्या आणि नववर्षाच्या प्रेमळ शुभेच्छा. आपल्या दारावरच्या चांदणीचा उजेड घराबाहेरही पडो.