मदतीचे नियम, समजतील अशा भाषेत



आपल्या शाळेच्या विद्यार्थी साहाय्य निधीचे नियम या वर्षी आम्ही नव्याने लिहिले आहेत. नियम बदलले थोडे, शब्द मात्र पुष्कळ बदलले. असे का करावे लागले ते सांगण्यासाठी हे टिपण.

जुन्या पत्रकाप्रमाणे निधीतून ‘गरीब व होतकरू’ विद्यार्थ्यांना ‘योग्य ते साहाय्य’ मिळत असे. गरीब कोणाला म्हणायचे हे कोठेही लिहिलेले नव्हते आणि होतकरू म्हणजे काय, हे आम्हालाही नीट सांगता आले नसते. त्यामुळे ज्यांना खरी गरज ते पालक ‘आपण काही इतके गरीब नाही’ असे म्हणून अर्जच करीत नसत. वडोदऱ्यातील आपली मराठी घरे या बाबतीत किती भिडस्त आहेत, हे वेगळे सांगायला नको. आता तेथे आकडा आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख ५० हजार रुपयांपर्यंत असेल, तर अर्ज करावा. ‘गरीब’ हा शब्द आम्ही काढून टाकला आहे.

हाच आकडा का घेतला? आठवीच्या मुलांसाठी केंद्र सरकारची एन.एम.एम.एस. शिष्यवृत्ती २००८ पासून चालू झाली, तिची उत्पन्नमर्यादा हीच आहे. मामलतदार कचेरीत एकदा हेलपाटा घालून काढलेला आवकेचा दाखला दोन्ही ठिकाणी चालावा, एवढाच हेतू.

या शिष्यवृत्तीविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण आमचे डोळे तिनेच उघडले. सरकारी आणि अनुदानित शाळांतील मुलांना ती मिळते. सातवीत ५५ टक्के गुण असावे लागतात. परीक्षेत बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय अशा ९० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात व दोन्ही मिळून ४० टक्के गुण लागतात. (अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना गुणांत सवलत आहे.) निवड झाल्यास नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये होतात.

काही वर्षांपूर्वी आपली एक विद्यार्थिनी या परीक्षेत निवडली गेली. शाळेत पेढे वाटले गेले. नववी संपत आली तरी पैसे येईनात, तेव्हा तिची आई कार्यालयात आली. निवड झाल्यावर नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतः अर्ज भरावा लागतो, हे त्या माउलीला कोणी सांगितलेच नव्हते. परिपत्रक आले तसे इंग्रजीत आम्ही फळ्यावर लावले होते आणि आपले काम झाले असे समजलो होतो. मुदत टळली होती. त्यात मुलीची काहीच चूक नव्हती, चूक आमची होती.

म्हणून नव्या पत्रकात हे ठळक अक्षरांत आहे: परीक्षा उत्तीर्ण होणे ही अर्धीच वाट. नववीत अर्ज भरायचा आणि पुढे दर वर्षी त्याचे नूतनीकरण करायचे. अर्ज आधी शाळेने व मग जिल्हा पातळीवर तपासला जातो, तेव्हा ‘शाळेने तपासला का?’ असे पालकांनी आम्हाला खुशाल विचारावे. दहावीत ६० टक्के गुण नसतील तर अकरावीपासून रक्कम बंद होते. ही अट पुष्कळांना निकालानंतरच कळते.

आणखी एक अडचण खास आपल्याकडची. शाळेच्या दप्तरात वडिलांचे नाव ‘दिनकरभाई’, आधार कार्डावर ‘दिनकर’, आणि बँकेत आडनाव आधी. गुजरातेत तीन पिढ्या राहिल्याची ही खूण एरवी गोड वाटते, पण पोर्टलला ती तीन निराळी माणसे वाटतात. आठवीत असतानाच नावे जुळवून घ्यावीत, आणि विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडून घ्यावे.

मदतीला अटी असतात, हे या शहराला नवीन नाही. १९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, ती महिना साडेअकरा पौंडांची. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. (पुढे या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, ती हकिगत आपण जाणताच.) अट कठोर होती, पण किती रक्कम, किती काळ आणि त्याबदल्यात काय, हे घेणाऱ्याला आधी ठाऊक होते. आमच्या जुन्या पत्रकात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती.

आकडा घातल्यावर समितीत वाद झाला तो वेगळाच. ३ लाख ५५ हजार उत्पन्न असणाऱ्याने काय करायचे? पाच हजारांसाठी दार बंद करणे आम्हाला पटले नाही. सव्वाचार लाखांपर्यंत निम्मी फी माफ करायची, असे ठरले. वर्षाच्या मध्येच घरातील कमावत्या माणसाची नोकरी गेली किंवा त्याचा मृत्यू झाला, तर दाखल्याची वाट न पाहता वर्गशिक्षकांच्या पत्रावर मदत मिळेल.

काही विश्वस्तांचे म्हणणे असे की सारे नियमांत बांधले तर माणूस पाहून निर्णय घेता येणार नाही. हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. म्हणून नियमाबाहेर मदत देण्याचा समितीचा अधिकार ठेवला आहे, मात्र त्याचे कारण नोंदवहीत लिहावे लागेल. अर्ज नाकारला तरी कारण पालकांना लेखी कळवले जाईल, आणि तेही तीस दिवसांच्या आत.

देणगीदारांच्या हस्ते व्यासपीठावर मदत देण्याची प्रथाही थांबवली आहे. देणगीदारांना यामुळे थोडे वाईट वाटले. पण नाव पुकारल्यावर खाली मान घालून चालत येणारी मुले आम्ही पाहिली आहेत. रक्कम फीमधून परस्पर वजा होईल व मुलांची नावे कोठेही लावली जाणार नाहीत.

नवे पत्रक दोन पानी आहे, मराठीत व गुजरातीत. छापण्यापूर्वी ते आम्ही शाळेच्या शिपायांकडून आणि सातवीच्या काही मुलांकडून वाचून घेतले, आणि जेथे ते अडखळले तेथे वाक्य बदलले. तरीही एखादी ओळ समजली नाही, तर तिच्याखाली रेघ मारून पत्रक कार्यालयात परत द्यावे. अर्ज मधल्या सुट्टीत मिळतील.