चार तारे म्हणजे भक्कम टीम नव्हे

पुण्यात हडपसरच्या अमानोरा मॉलच्या बाहेरच्या कट्ट्यावर परवा संध्याकाळी नववीतला एक मुलगा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. 'पोकेमॉन गो'. शेजारी मीही तेच खेळत होतो, म्हणून सहज डोकावलो. त्याच्याकडे मडकिप नावाचे पन्नासेक पोकेमॉन साठले होते. एकेकाचं अप्रेझल, म्हणजे गुणपत्रक, उघडायचा, तारे बघायचा आणि एक-दोन ताऱ्यांचा दिसला की ट्रान्सफर करून, म्हणजे कायमचा देऊन टाकून, मोकळा व्हायचा. "दादा, कचरा काढतोय," तो म्हणाला. "ग्रेट लीगसाठी पहिली टीम बनवायचीय. चार तारेवालेच ठेवणार."

त्या कचऱ्यात त्याच्या टीमचा सगळ्यात चांगला मडकिप होता. मी "थांब" म्हणेपर्यंत तो गेला होता.

हा गैरसमज मी हडपसरमध्ये किमान तीस जणांकडून ऐकला आहे. गाडीतळावर बसची वाट बघणाऱ्या कॉलेजच्या पोरांकडून, मगरपट्ट्यातल्या आयटीवाल्यांकडून, आणि मुलाला "यातला चांगला कुठला रे?" असं कौतुकानं विचारणाऱ्या आईवडिलांकडूनही. दर वेळी तेच वाक्य: तारे जास्त, म्हणजे पोकेमॉन भारी. हे अर्धं खरं आहे, आणि नव्या खेळाडूचं नुकसान नेमकं त्या अर्ध्या खऱ्यामुळेच होतं. म्हणून एकदा आकडे मांडून सांगतो.

हा गेम भारतात अधिकृतपणे आला डिसेंबर २०१६ मध्ये, रिलायन्स जिओच्या भागीदारीत. खेळाडूंच्या आपापसातल्या लढती डिसेंबर २०१८ मध्ये आल्या आणि २०२० मध्ये 'गो बॅटल लीग' सुरू झाली. प्रत्येकी तीन पोकेमॉन, प्रत्येकी दोन शिल्ड. मुख्य लीग तीन. ग्रेट लीगमध्ये पोकेमॉनचा सीपी, म्हणजे एकूण ताकदीचा आकडा, १५०० पेक्षा जास्त चालत नाही, अल्ट्रा लीगमध्ये २५०० पेक्षा जास्त चालत नाही आणि मास्टर लीगला मर्यादाच नाही. नवा खेळाडू पहिली टीम बांधतो ती जवळजवळ नेहमी ग्रेट लीगसाठी, कारण ती सगळ्यात स्वस्तात बांधता येते.

आता तारे. प्रत्येक पोकेमॉनला जन्मजात तीन गुण मिळतात, अटॅक, डिफेन्स आणि एचपी, आणि प्रत्येक गुण ० ते १५. यांनाच खेळाडू आयव्ही म्हणतात. तिन्ही पंधरा असले की बेरीज ४५ आणि चार तारे. यालाच पोरं 'हंडो' म्हणतात, म्हणजे शंभर टक्केवाला. बेरीज २३ ते २९ असेल तर एक तारा, ३० ते ३६ असेल तर दोन. तारे फक्त बेरीज सांगतात. कुठल्या गुणाला किती मिळाले, हे ते सांगत नाहीत. आणि ग्रेट लीगमध्ये सगळा प्रश्न तोच आहे.

कुस्ती बघितलेल्या माणसाला हे चटकन कळेल. ६५ किलोच्या गटात उतरायचं तर काटा ६५ च्या वर जाता कामा नये. मग दोन पैलवानांचं वजन सारखंच भरतं. फरक पडतो तो वजन कशात गेलंय याचा. एकाचं सगळं वजन खांदे-दंडात आहे आणि दुसऱ्यानं तेवढ्याच वजनात मांड्या आणि दमसास कमावलाय. लढत लांबली की दुसरा टिकतो. ग्रेट लीग हा वजनगट आहे, आणि सीपी म्हणजे काट्यावर दिसणारं वजन.

या काट्याची एक खोड आहे. सीपीच्या सूत्रात अटॅक जसाच्या तसा गुणला जातो, तर डिफेन्स आणि एचपी यांची वर्गमुळं घेतली जातात. म्हणजे अटॅक दहा टक्क्यांनी वाढला तर सीपीही दहा टक्क्यांनी वाढतो, पण डिफेन्स दहा टक्क्यांनी वाढला तर सीपी पाचेक टक्केच वाढतो. अटॅक काट्यावर महाग पडतो, टिकाव स्वस्त पडतो. हे सूत्र खेळाडूंनी गेमच्या डेटामधून काढलेलं आहे आणि स्वतःच्या पोकेमॉनवर कुणीही पडताळून पाहू शकतो. म्हणून मर्यादा ठरलेली असेल तेव्हा अटॅकचा गुण कमी आणि बाकीचे दोन जास्त असलेला पोकेमॉन तेवढ्याच सीपीत जास्त लेव्हलपर्यंत चढतो.

विश्वास बसत नसेल तर त्या मुलाच्या मडकिपचंच उदाहरण घेऊ. तो वाढून स्वॉम्पर्ट होतो. स्वॉम्पर्टचे मूळ आकडे: अटॅक २०८, डिफेन्स १७५, एचपी २२५. चार ताऱ्यांचा, म्हणजे १५-१५-१५ चा स्वॉम्पर्ट लेव्हल १७.५ ला १४८७ सीपीवर पोचतो. अजून अर्धी लेव्हल चढवली की १५०० च्या बाहेर जातो, म्हणून तिथेच थांबावं लागतं. आता ०-१५-१३ चा घ्या. बेरीज २८, म्हणजे फक्त एक तारा. हा लेव्हल १९ पर्यंत जातो आणि सीपी होतो १४९९.

लढतीत प्रत्यक्ष वापरले जाणारे आकडे असे. हंडोचा अटॅक १२४.६, डिफेन्स १०६.२, एचपी १३४. एका ताऱ्याच्या स्वॉम्पर्टचा अटॅक १२१.१, डिफेन्स ११०.६, एचपी १३८. अटॅकमध्ये तीन टक्क्यांहूनही कमी तोटा, आणि डिफेन्स व एचपी मिळून टिकाव सात टक्क्यांनी जास्त. कचरा म्हणून गेला तो हा.

शक्यतेचा हिशोबही बघा. मोकळ्यावर पकडलेल्या पोकेमॉनच्या आयव्हींचे १६ गुणिले १६ गुणिले १६, म्हणजे ४०९६ प्रकार होतात. हंडो त्यातला एक. उलट अटॅक ३ किंवा कमी आणि बाकीचे दोन्ही ११ किंवा जास्त, असे प्रकार शंभर आहेत, म्हणजे साधारण एक्केचाळिसात एक. पन्नास मडकिप पकडणाऱ्याकडे असा एखादा असण्याची शक्यता चांगलीच आहे. चार हजारांत एक असलेल्या गोष्टीमागे पळताना आपण एक्केचाळिसात एक असलेली फेकून देतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

याच गैरसमजाचं शेपूट म्हणजे 'रेडमधला पोकेमॉन चांगला'. रेड (म्हणजे खेळाडूंनी मिळून बॉसशी करायची लढत), अंडी आणि रिसर्चमधून मिळणाऱ्या पोकेमॉनचे तिन्ही गुण किमान १० असतात. म्हणजे अटॅकही दहाच्या खाली जात नाही. ग्रेट लीगसाठी हा तोटा आहे. पुण्यात पाऊस सुरू असताना गेममध्येही पाऊस दिसतो आणि मडकिपसारख्या पाण्यातल्या पोकेमॉनना बळ मिळतं. तेव्हा त्यांचे गुण किमान ४ होतात, म्हणजे शून्य अटॅकवाला तेव्हाही मिळणार नाही. आणि ट्रेड करताना गुण नव्यानं पडतात. जिवलग मित्राशी केलेल्या ट्रेडमध्ये ते किमान ५ असतात, नव्या मित्राशी केलेल्या ट्रेडमध्ये किमान १. ग्रेट लीगसाठी नवा मित्र जास्त उपयोगाचा.

मग चार तारे निरुपयोगी का? अजिबात नाही. मास्टर लीगमध्ये मर्यादाच नाही, तिथे प्रत्येक गुण हवा. कुस्तीच्या भाषेत तो गदेसाठीचा खुला गट आहे. रेडमध्ये बॉसला पाडतानाही अटॅक पंधरा असलेलाच बरा. आणि काही पोकेमॉन मुळातच एवढे हलके असतात की पूर्ण ताकद लावली तरच १५०० च्या जवळ पोचतात. त्यांच्यासाठी जास्त तारेच हवेत. तेव्हा पहिला प्रश्न "किती तारे?" हा नसून "कुठल्या लीगसाठी?" हा आहे.

आता दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. काही जणांना हे गणित कळतं आणि मग ते 'रँक वन' आयव्हीशिवाय टीमच बनवत नाहीत. तेही चूक आहे. पहिल्या आणि दोनशेव्या क्रमांकाच्या आयव्हीतला फरक बहुतेक लढतींत जाणवतही नाही. दोघांचा चार्ज्ड अटॅक, म्हणजे फास्ट अटॅक मारून साठवलेल्या ऊर्जेवरचा मोठा मार, एकाच क्षणी आला तर ज्याचा अटॅक जास्त त्याचा आधी बसतो, म्हणून थोडा जास्त अटॅक कधी कधी कामालाही येतो. बरा मिळाला की वाढवा आणि खेळायला लागा.

कारण टीम आयव्हीवर उभी राहत नाही, ती एकमेकांना झाकण्यावर उभी राहते. "माझ्याकडचे तीन सगळ्यात भारी घेतले" हे दुसरं वाक्य मला सतत ऐकू येतं. तीन भारी पोकेमॉन एकाच गोष्टीला घाबरत असतील तर ती टीम नव्हे.

स्वॉम्पर्टपासूनच सुरुवात करू. तो पाणी आणि जमीन या दोन टाइपचा. गवताचा मार त्याला दुप्पट कमजोरीनं बसतो. या गेममध्ये कमजोरीचा गुणक १.६ आहे, म्हणून १.६ गुणिले १.६, म्हणजे २.५६ पट. तेव्हा दुसरा असा हवा जो गवताला जुमानत नाही. स्कारमरी, म्हणजे पोलाद आणि उडणारा, याच्यावर गवताचा मार ०.३९ पटच बसतो. स्कारमरीला भीती वीज आणि आगीची, आणि स्वॉम्पर्ट या दोन्हींना ०.६२५ वर रोखतो. दोघं एकमेकांची पाठ राखतात. तिसरा व्हीनसॉर, म्हणजे वाढलेला बल्बासॉर, गवत आणि विष. समोर पाण्याचा पोकेमॉन आला की हा पुढे येतो. याला आग, बर्फ, सायकिक आणि उडणारे मारतात. त्यातली आग स्वॉम्पर्ट झेलतो, सायकिक आणि उडणारे स्कारमरी झेलतो. बर्फ दोघांनाही जास्त लागत नाही.

ही टीम सगळ्यांना हरवेल असं मी म्हणत नाही. दर तीन महिन्यांनी सीझन बदलतो, अटॅकची ताकद कमी-जास्त होते, वरचढ पोकेमॉन बदलतात. पण कोण कुणाला झाकतो हे शिकायला अशी टीम उत्तम. हरलात तर का हरलात हे लगेच कळतं, आणि पुढच्या वेळी कुणाला आधी पाठवायचं हेही कळतं.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

'लेजेंडरी घेतला की जिंकलो.' रेडमध्ये पकडलेला म्यूटू हलक्यात हलका असला तरी २२९४ सीपीचा असतो. ग्रेट लीगच्या दारातूनच तो आत येत नाही, आणि वाढवलेली लेव्हल कमीही करता येत नाही.

'पैसे ओतल्याशिवाय टीम होत नाही.' मडकिप आणि बल्बासॉर या स्टार्टर घराण्यांना दुसरा चार्ज्ड अटॅक उघडायला १०,००० स्टारडस्ट आणि २५ कँडी लागतात, आणि दोन्ही खेळूनच मिळतात. लेजेंडरींना १,००,००० स्टारडस्ट आणि १०० कँडी. स्वस्त पोकेमॉन निवडा, खिशाला हात लावायची गरज नाही.

'जोरात टॅप केलं की जास्त मार बसतो.' लढतीचं घड्याळ अर्ध्या सेकंदाच्या टप्प्यांत चालतं आणि प्रत्येक फास्ट अटॅकला लागणारे टप्पे ठरलेले असतात. बोटं आपटून काही होत नाही. त्याऐवजी समोरच्यानं किती फास्ट अटॅक मारले ते मोजा, म्हणजे त्याचा चार्ज्ड अटॅक कधी येणार ते कळेल आणि शिल्ड वाया जाणार नाही.

'भुताला नॉर्मल अटॅक लागतच नाही.' कन्सोलवरच्या मूळ गेममध्ये हे खरं आहे. इथे लागतो, ०.३९ पट.

'शॅडो पोकेमॉन शुद्ध करावाच.' शॅडोचा अटॅक २० टक्क्यांनी जास्त आणि डिफेन्स सुमारे १७ टक्क्यांनी कमी असतो. काहींना ते फार मानवतं. बघून ठरवा.

'हा लहान मुलांचा खेळ.' २०२२ पासून पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेत 'गो'चा स्वतंत्र गट आहे. तिथे सहा पोकेमॉन समोर ठेवून प्रत्येक लढतीला त्यातले तीन निवडायचे असतात, आणि ती स्पर्धा याच १५०० सीपीच्या मर्यादेत होते. भारतातले खेळाडूही त्या मंचावर उतरले आहेत.

मग करायचं काय? लीग आधी ठरवा. अप्रेझल उघडल्यावर ताऱ्यांकडे न बघता खालच्या तीन पट्ट्या बघा. ग्रेट लीगसाठी वरची अटॅकची पट्टी जवळजवळ रिकामी आणि खालच्या दोन भरलेल्या असतील तर तो पोकेमॉन वेगळा काढा. शंका वाटली तर 'पीव्हीपोक' या मोफत संकेतस्थळावर आकडे टाका, ते तुमच्या आयव्हींसह लढत चालवून दाखवतं.

त्या मुलाला मी हे सगळं कट्ट्यावर बसून दाखवलं. उरलेले मडकिप त्यानं परत एकेक करून उघडले. १-१४-१२ चा एक सापडला, बेरीज २७, एक तारा. त्याला त्यानं स्टार करून ठेवलं, म्हणजे चुकूनही ट्रान्सफर होणार नाही. पहिला मात्र गेला तो गेलाच. या गेममध्ये बहुतेक चुका पुढच्या लढतीत सुधारता येतात, पण ट्रान्सफर केलेला पोकेमॉन परत येत नाही. म्हणून बटण दाबण्याआधी त्या तीन पट्ट्या बघा.