अकोल्याच्या अंबादासांची स्वप्नं

नेहरूंनी उद्घाटन केलेल्या दिल्लीच्या एका गाजलेल्या प्रदर्शनात आपल्या अकोल्याचा चित्रकार होता, माहितीये? ऑक्टोबर १९६३, रवींद्र भवन. ‘ग्रुप १८९०’चं हे पहिलं आणि शेवटचं प्रदर्शन. (१८९० हे साल नाही, भावनगरमधल्या एका घराचा नंबर!) कॅटलॉगची प्रस्तावना मेक्सिकन कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांची. आणि बारा कलाकारांपैकी एक, १९२२ साली अकोल्यात जन्मलेले अंबादास.

बारांतली एकच जोडी शेजारी-शेजारी बघायची, तर मी अंबादास आणि जेराम पटेल निवडेन. दोघंही जे. जे.चे, पण चित्रं एकदम उलट. जेराम ब्लोटॉर्चनं लाकूड जाळायचे. त्यांची शाईतली काळीकुट्ट ड्रॉइंग्ज म्हणजे मध्यरात्री दचकवणारं स्वप्न. अंबादासांचं स्वप्न पहाटेचं. ब्रशचे फटकारे वाहतात, वळतात, एकमेकांत शिरतात. माणूस नाही, झाड नाही, तरी सगळं जिवंत! मला त्यात मे महिन्यातली भेगाळलेली काळी जमीन दिसते. तुम्हाला पूर दिसेल, किंवा काहीच नाही. चालेल.

अंबादास १९७२मध्ये नॉर्वेला गेले, २०१२मध्ये तिकडेच वारले. ही जोडी अकोल्यातल्याच एखाद्या हॉलमध्ये बघायचीय. त्यासाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायला नको.