युनिक्स संगणक आणि सामायिक फाइल-व्यवस्था

भाषानमुन्यांचा संग्रह पाच अभ्यासकांनी मिळून तपासायचा असेल आणि प्रत्येकाने त्याची स्वतंत्र प्रत घेतली, तर महिन्याभरात पाच निरनिराळे संग्रह तयार होतात. त्यांतील प्रमाण कोणता, हे मग कोणालाच सांगता येत नाही. हस्तलिखितांच्या पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण अपरिचित नाही. संग्रह एकाच संगणकावर ठेवावा आणि इतरांना तो आपल्याच यंत्रावर असल्यासारखा दिसावा, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 1984 मध्ये ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’, म्हणजेच एनएफएस, ही व्यवस्था तयार केली.

प्रथम यंत्र नेटवर्कला जोडावे लागते. त्यासाठी इतर कोणत्याही यंत्राला न दिलेला आयपी पत्ता, नेटमास्क आणि बाहेरच्या जाळ्याकडे नेणाऱ्या गेटवेचा पत्ता लागतो. ‘पिंग’ ही आज्ञा सर्व्हरच्या अंकी पत्त्यावर द्यावी, नंतर त्याच्या नावावर. पत्त्यावरून उत्तर आले आणि नावावरून आले नाही, तर तार ठीक आहे. नावाचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था तेवढी तपासावी.

युनिक्समध्ये सर्व डिरेक्टरींचा एकच वृक्ष असतो. दूरच्या संगणकावरील डिरेक्टरी या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर कलमासारखी बांधणे म्हणजे ‘माउंट’ करणे. कोणती डिरेक्टरी कोणत्या यंत्रांना द्यायची, हे सर्व्हरवरील ‘एक्स्पोर्ट्स’ या फाइलीत लिहिलेले असते. तेथे आपल्या यंत्राला मुभा नसेल तर माउंट नाकारले जाते. कलम नेहमी रिकाम्या डिरेक्टरीवर करावे. तिच्यात आधीच्या फाइली असल्यास त्या नष्ट होत नाहीत, परंतु माउंट काढेपर्यंत झाकल्या जातात आणि वापरणारा उगाच घाबरतो.

खरा धोका मात्र पुढेच आहे. आपण वापरकर्त्याला नावाने ओळखतो, युनिक्स क्रमांकाने. नाव केवळ आपल्या सोयीसाठी असते. शब्द आणि वस्तू यांतील संबंध यादृच्छिक असतो, हे भाषाविज्ञानातील तत्त्व येथे अगदी ढोबळ रूपात भेटते. आमच्या विभागात बोलींच्या लिप्यंतरांचा संग्रह असा सामायिक ठेवला होता. सर्व्हरवर माझा क्रमांक 501 होता. नव्या यंत्रावर तोच क्रमांक एका विद्यार्थ्याला दिला गेला. त्याच्या पडद्यावर माझ्या फाइलींचा मालक म्हणून त्याचेच नाव दिसू लागले, आणि जागा मोकळी करताना त्याने त्या पुसल्या. व्यवस्थेच्या दृष्टीने तो मालकच होता. दोन गावांच्या नोंदी गेल्या. एका गावच्या टेपवरील प्रतीतून परत मिळाल्या. दोष त्या मुलाचा नव्हता, क्रमांक न जुळवता यंत्र जोडणाऱ्या आम्हा मोठ्यांचा होता. म्हणून माउंट करण्यापूर्वी दोन्ही यंत्रांवर ‘आयडी’ ही आज्ञा देऊन क्रमांक पडताळावेत. यंत्रे अनेक असतील तर सर्वांचे क्रमांक एकाच मध्यवर्ती यादीतून द्यावेत. ज्यांना केवळ वाचन करायचे आहे, त्यांच्यासाठी संग्रह ‘केवळ वाचनीय’ म्हणूनच खुला करावा.

सर्व्हर मध्येच बंद पडला तर काय होते, हे माउंटच्या प्रकारावर अवलंबून असते. ‘हार्ड’ माउंटमध्ये आपले यंत्र उत्तराची वाट पाहत राहते. काम गोठते, पण सर्व्हर परतला की तेथूनच पुढे सुरू होते. ‘सॉफ्ट’ माउंटमध्ये काही प्रयत्नांनंतर चूक कळवली जाते. मात्र तेवढ्यात लिहिली जाणारी फाइल अर्धवट राहू शकते. लेखन होणाऱ्या संग्रहासाठी हार्ड माउंटच योग्य, मग थांबावे लागले तरी चालेल.

यंत्र सुरू होताच माउंट आपोआप व्हावे यासाठी ‘एफएसटॅब’ या फाइलीत एक ओळ लिहितात. ती लिहिण्यापूर्वी एकदा हाताने माउंट करून एक चाचणी-फाइल तयार करावी आणि तिचा मालक कोण दिसतो, हे सर्व्हरवर जाऊन पाहावे.