ठशाचा दोष, घावाचा दोष

जुन्या नाण्यांच्या बाजारात ज्या जिनसेला अवाच्या सवा मोल सांगितले जाते आणि जिच्याविषयी गैरसमजही तितकेच प्रचलित आहेत, ती जिन्नस म्हणजे चुकलेले नाणे. परंतु चूक कोणाची, ठसा घडविणाराची की त्या ठशाखाली नाणे पाडणाराची, हा प्रश्न गिऱ्हाईक सहसा विचारीत नाही, आणि विकणाराला तर तो विचारला न जाणेच सोयीचे असते.

एकाच पोलादी ठशाखालून सहस्रावधी नाणी निघतात. म्हणून ठशाच्या अंगी जे वैगुण्य किंवा वैशिष्ट्य असेल ते त्याच्या सगळ्या संततीत उतरते. हा ठसाभेद. ठशाला चीर पडली की धातू त्या चिरेत शिरतो आणि नाण्यावर उठावाची बारीक रेघ दिसते. खोल रेघ दिसली तर तो बहुधा नंतर पडलेला ओरखडा समजावा. याउलट कोरी चकती सरकली, किंवा आधीचे नाणे वरच्या ठशालाच चिकटून राहिल्यामुळे पुढच्या नाण्याच्या दोन्ही अंगांस एकच चित्र, एकीकडे उठावाचे व दुसरीकडे खोल आणि उलटे, असे उमटले, तर तो त्या घावाचा अपघात होय.

हे लक्षण शिवराई या मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्याला लावताना मात्र सावध राहिले पाहिजे. तिचे ठसे हाताने कोरलेले. त्यामुळे ‘शिव’, ‘सिव’, ‘शीव’ अशी अक्षरे आणि ‘छत्रपति’तील ऱ्हस्वदीर्घ ठशागणिक बदलतात, आणि हे सारे ठसाभेदच. चकती ठशाहून लहान असल्याने मजकुराचा काही अंश बाहेर राहणे हा तेथील परिपाठच होता. अर्धवट अक्षरांची शिवराई ‘चुकीची’ म्हणून चढ्या भावाने घेणारा मनुष्य, माझ्या मते, स्वतःच चुकलेला असतो.

हेतुपुरस्सर केलेला भेद पाहावयाचा तर राणी व्हिक्टोरियाचा 1862 सालचा रुपया हाती घ्यावा. हे एकच साल पुढे 1874 पर्यंत रुपयावर कायम राहिले. परंतु मुंबईच्या टाकसाळीच्या रुपयांवर सालाखाली बारीक ठिपके आढळतात, आणि प्रत्यक्ष पाडणीचे वर्ष त्यांवरून ओळखावे असे अभ्यासक मानतात. 1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट याहूनही निराळी. राजाच्या झग्यावरील हत्ती आखूड सोंडेमुळे लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून घ्यावा लागला. येथे ना ठसा बिघडला, ना घाव चुकला. नमुनाच फसला होता.

खरी कसोटी लागते ती दुहेरी अक्षरांपाशी. पूर्वी मूळ उठावाच्या साच्याने ठशावर एकाहून अधिक वेळा दाब देत, आणि दोन दाबांच्या मध्ये ठसा तापवून मऊ करीत. दुसऱ्या दाबाच्या वेळी तो किंचित फिरला तर अक्षरे ठशातच दुहेरी होत. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत 1955 साली असे घडले, आणि त्या ठशाचे वीस हजारांहून अधिक सेंट चलनात गेले. जन्म चुकीतून, पण वास ठशात, म्हणून त्यांची गणना ठसाभेदातच करणे मला रास्त वाटते. उलटपक्षी यंत्रातला ठसा सैल असला की घावाच्या क्षणी तो हलतो आणि अक्षर खरडले जाते. तेथे दुसरी रेघ सपाट, पायरीसारखी दिसते व मूळ अक्षर बारीक होते, तर खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही रेघा सारख्याच गोलाईच्या असून अक्षराच्या टोकांना खाच पडलेली असते. असा सपाट पायरीचा एक रुपया मी तरुणपणी अपूर्व म्हणून दसपट दामाने घेतला होता. तो अद्याप माझ्याजवळच आहे, कारण पुढे कोणी घेईना.

वाचकांस विनंती एवढीच, की भिंगाखाली त्याच सालाचे व त्याच टाकसाळीचे दुसरे नाणे शेजारी ठेवल्यावाचून पैसे मोजू नयेत. आणि तांब्याचे नाणे चिंचेने घासून तर कदापि चकचकीत करू नये.